एकुलता दाता

जिल्ह्यात बॉम्बे रक्तगटाचा एकच दाता रक्तपेढीला माहीत होता, दिगंबर मुळीक. या गटाच्या माणसाला दुसऱ्या कुठल्याच गटाचं रक्त चालत नाही, त्यामुळे गरज पडली की फोन त्यालाच यायचा. हातातलं काम टाकून तो जायचा. पण परतताना दर वेळी मनात यायचंच, उद्या मीच आडवा झालो, तर मला कोण देणार?

त्या सकाळी एका बाळंतिणीला रक्तस्राव सुरू झाला होता. दिगंबरचं रक्त घेऊन नर्स धावतच आत गेली. बाहेर बाकावर बाळंतिणीचा भाऊ हर्षल बसला होता.

"काका, आणखी लागलं तर?"

दिगंबरला इतक्यात पुन्हा रक्त देता येणार नव्हतं.

दुपारी डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "रक्तस्राव थांबलाय. बहीण सावरली तुमची." मग म्हणाल्या, "सख्खे भाऊ म्हणून तुमचंही रक्त तपासलं. तुमचा गट तिचाच आहे."

हर्षलचा चेहरा उतरला. "म्हणजे मला कधी लागलं, तर मलाही मिळायची मारामार?"

"मी येईन की," दिगंबर म्हणाला.

"आणि तुम्हाला लागलं तर मी येईन," हर्षल सहज बोलून गेला.

दिगंबर त्याच्याकडे बघतच राहिला. मग त्याला एकदम सडकून भूक लागली.

"समोर मिसळ चांगली मिळते," तो हर्षलच्या खांद्यावर हात ठेवत म्हणाला. "चल, तूही सकाळपासून उपाशीच असशील."