अगदी शांत ठिकाण

"शांत म्हणजे शांतच पाहिजे," खुर्ची ओढून बसत साहेब म्हणाले. "घरात कपबशी वाजली तरी माझं डोकं उठतं. बायकोचा पन्नासावा वाढदिवस आहे. चार दिवस जाऊन येऊ म्हटलं."

बायको शेजारीच बसली होती. वाढदिवस तिचा होता, पण तिला कुणी काही विचारत नव्हतं.

सहलींचं बुकिंग करणारी ती बाई टेबलापलीकडे फॉर्म भरत होती. तिचं पेन थांबलं. आवाज तिने ऐकताक्षणी ओळखला होता. मान वर केल्यावर चेहराही ओळखला. केस पिकले होते, पोट सुटलं होतं, पण बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून बघायची खोड तीच होती.

बावीस वर्षांपूर्वी हे साहेब औषधांच्या कारखान्यात सुपरवायझर होते आणि तिची ताई त्यांच्या हाताखाली पॅकिंगला होती. "पुन्हा हात लावलात तर बघा," असं ताईने त्यांना एकदा सुनावलं. आठवड्याच्या आत ताईच्या पिशवीत गोळ्यांची पाकिटं सापडली. साहेबांनी तिला सगळ्या कामगारांसमोर स्टुलावर उभं केलं आणि "मी चोर आहे" असं दहा वेळा मोठ्याने म्हणायला लावलं. ताईला न्यायला आलेली धाकटी बहीण शाळेच्या गणवेशात दाराशी उभी राहून ऐकत होती. त्यानंतर ताई घराबाहेर पडली नाही. तिचं ठरलेलं लग्न मोडलं. आता तिचं बोलणंही उरलं होतं ते हो-नाहीपुरतं.

साहेबांना यातलं काहीच आठवत नव्हतं. मारणाऱ्याचा हात विसरतो, खाणाऱ्याचा गाल विसरत नाही.

"कितपत शांत हवं, सर?" धाकटीने गोड आवाजात विचारलं.

"स्मशानासारखं," साहेब म्हणाले आणि स्वतःच्याच विनोदावर हसले.

तिने पहिलं हॉटेल दाखवलं. तिथे लहान मुलांचा पोहण्याचा तलाव होता. नको. दुसऱ्यात लग्नाचा हॉल होता. ते तर नकोच. मग तिने तिसरं काढलं. नदीच्या वळणावरची टुमदार इमारत, बारा खोल्या, मागे हिरवागार डोंगर. फोटो तीन वर्षांपूर्वीचा होता. मधल्या काळात त्या डोंगरातून नवा रस्ता काढायला घेतला होता. सकाळी सातपासून सूर्य मावळेपर्यंत यंत्रं खडक फोडत असत आणि अधूनमधून सुरुंग उडत. तिथून पळून आलेल्या दोन गिऱ्हाइकांची तक्रारपत्रं तिच्याच ड्रॉवरमध्ये होती.

"अगदी तुमच्या मनासारखं आहे," ती म्हणाली.

"मला समुद्र बघायचा होता," बायको हळूच पुटपुटली.

"तुला कोणी विचारलंय?" साहेब म्हणाले. "हेच करा. पक्कं."

कागद न्यायला दोन दिवसांनी बायको एकटीच आली. पाकीट हातात घेऊन ती जरा घुटमळली.

"खरंच शांत आहे ना तिथे? नाहीतर सगळं माझ्यावर निघेल."

या बिचारीने काय केलं होतं? सुक्याबरोबर ओलंही जळतं ते असं. खरं सांगून टाकावं, असं तिच्या ओठांवर आलं. मग तिला ते स्टूल दिसलं.

"पान पडलं तरी ऐकू येईल," ती म्हणाली.

बायकोने तिच्याकडे थोडा वेळ निरखून पाहिलं, मान हलवली आणि पाकीट पर्समध्ये ठेवलं.

त्या संध्याकाळी धाकटीने ताईच्या केसांना तेल लावता लावता सगळं सांगितलं. "कानात बोळे घालून बसेल बघ चार दिवस. डोक्याला हात लावून!" ताईच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. धाकटीला तेवढंही पुष्कळ झालं.

मग ती साहेबांच्या फोनची वाट पाहू लागली. शिव्या ऐकायची तिने तयारीच केली होती. फोन आला की शांतपणे विचारायचं, "सर, कारखान्यातलं ते स्टूल आठवतं का?" वाक्य घोटून घोटून पाठ झालं होतं.

फोन आलाच नाही. पुढच्या सोमवारी सकाळी ऑफिस उघडलं आणि बायको आत आली. एकटीच.

"हे गेले," खुर्चीत बसत ती म्हणाली. "पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी."

"कसे?" धाकटीने विचारलं.

"नदीकडे उतरायच्या पायऱ्या आहेत ना, तिथून पडले. सकाळी साडेदहाला. कंबर मोडली होती, डोक्याला खोक पडली होती. डॉक्टर म्हणाले, तासभर तरी शुद्धीवर असतील. हाका मारल्या असतील. वेळेवर कोणी गेलं असतं तर वाचले असते. पण त्या धडधडाटात कुणाला काय ऐकू येणार? मी वर गच्चीत चहा घेत होते. पोलिसांनी स्वतः उभं राहून पाहिलं, त्यांनाही एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. शांत जागा म्हणून तुम्ही दिली होती, एवढं तुमच्याकडून लिहून हवंय त्यांना."

धाकटीला साहेबांची झोप उडवायची होती, जीव घ्यायचा नव्हता. समोर बसलेल्या या बाईला आपण विधवा केलं. तिने टेबलावरून वाकून तिचे दोन्ही हात धरले.

"मला माफ करा," ती रडत म्हणाली. "मी तुमच्याशी खोटं बोलले. तिथे आवाज असतो, हे मला माहीत होतं."

बायकोने आपले हात अलगद सोडवून घेतले आणि तिच्यापुढे रुमाल धरला.

"मलाही," ती म्हणाली. "तुमच्याकडून कागद घेऊन गेले त्याच दिवशी हॉटेलात फोन करून विचारून घेतलं होतं. सुरुंग किती वाजता उडवतात, तेसुद्धा."