भिंतीलगतचा दगड

आई गेली तेव्हा सिरिल सहा वर्षांचा होता. त्याला अनाथाश्रमात टाकलं आणि आईला कुठे पुरलं हे कुणी सांगितलंच नाही. पुढे मरताना त्याने लेकीकडे, मॅव्हिसकडे, एकच मागितलं, "मला आईच्या कुशीत ठेव."

मॅव्हिसने जुन्या नोंदी चाळल्या, गावोगावच्या चर्चची आवारं पालथी घातली. शेवटी एका खेड्यात, भिंतीलगतच्या रांगेत, शेवाळलेल्या दगडावर आजीचं नाव सापडलं. कुणाला न विचारता तिने पायथ्याशी खुरप्याने खड्डा केला, वडिलांची राख त्यात ओतली, वर माती सारली.

"घ्या बाबा, भेटली एकदाची आई."

आवारातलं गवत कापणारे म्हातारे टॅपस्कॉट आपलं मशीन बंद करून जवळ आले. "सापडलं का गं पोरी तुझं माणूस?"

"हो. पण सगळ्या कबरी अशा भिंतीला चिकटून कशा?"

"कबरी कसल्या! नुसते दगड आहेत ते. मशीन फिरवताना मधे यायचे, म्हणून तरुणपणी आम्हीच उपटून इथे लावले. माणसं आहेत जिथल्या तिथं."

"जिथल्या तिथं म्हणजे कुठं?"

 

टॅपस्कॉटनी मागे वळून, नुकत्याच कापलेल्या त्या सपाट, हिरव्यागार मैदानावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला.