खुर्चीत ओढलेला माणूस

अँगस वाबूसचं तोंड बंद करायचं, हे तुम्ही निकालाच्या दिवशीच ठरवलंत. नाकारू नका. उत्तरेकडच्या तळ्याकाठचा माणूस, ना पक्ष, ना कुणी पाठीराखा, निवडून येतो आणि तुमचं सरकार त्याच्या एका मतावर लटकतं, हे तुम्हाला झोंबलं.

त्याचं मागणं एकच होतं. वीस वर्षं त्याच्या गावात नळाचं पाणी उकळून पितात, तरी पोरांच्या अंगावर चट्टे उठतात. शुद्धीकरण केंद्र बांधा, मत घ्या.

"अहो, तिथलं पाणी उत्तम आहे," प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, हॉलब्रूक त्याच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "आमच्याच खात्यानं तपासलंय."

सभागृहाच्या सचिव पेट्रीशिनबाई तिथेच उभ्या होत्या. तुमचा डाव त्यांच्या लगेच लक्षात आला. आपला माणूस सभागृहाचा अध्यक्ष केला तर आपलं एक मत जातं. मग या उपऱ्यालाच बसवा की!

त्यांनी अँगसला जिन्यापाशी गाठलं. "वाबूस, ऐका. इथे जो नाव मागे घेत नाही, तो अध्यक्षपदाचा उमेदवार ठरतो. बाकी सगळ्यांनी घेतलंय. पाचच्या आत तुम्हीही घ्या."

"अध्यक्ष झालो तर?"

"भाषण बंद. मतही बंद, बरोबरी झाली तरच द्यायचं."

"मग तो करतो काय दिवसभर?"

"शिस्त राखतो. आणि ही इमारत सांभाळतो. पहारा, कुलपं, स्वयंपाकघर."

"स्वयंपाकघरसुद्धा?"

"मिठाच्या बाटलीपर्यंत," बाई वैतागल्या. "पाचच्या आत, बरं का!"

पाच वाजले. अँगस आलाच नाही.

"विसरला बिचारा!" तुमच्या बाकांवर हशा पिकला.

दुसऱ्या दिवशी रिवाजाप्रमाणे दोन्ही बाजूंच्या नेत्यांनी त्याला दंडाला धरून खुर्चीकडे ओढत नेलं. नव्या अध्यक्षानं खोटं खोटं अडायचं असतं. अँगस इतका अडला की त्याचा एक बूट निघाला.

"खरंच घाबरलाय रे!" कुणीतरी ओरडलं. पेट्रीशिनबाईंनी मान खाली घातली. अँगस बूट घालून खुर्चीत बसला, तेव्हा तुम्ही बाकं बडवलीत.

आठवड्यानं त्याची डेलिमा मावशी दोन दिवसांचा रस्ता कापत पिकअप घेऊन आली. मागे निळे कॅन बांधलेले. पहारेकऱ्यानं हटकलं.

"काय आहे यात, आजी?"

"घरचंच आहे. भाचा एवढ्या मोठ्या घरात राहायला लागला, रिकाम्या हातानं येऊ होय?"

"जाऊ दे रे," दुसरा हसला. "अध्यक्षांची मावशी आहे."

पेट्रीशिनबाईंनी खिडकीतून पाहिलं. एवढ्या लांबून ही म्हातारी कौतुकानं आली, आणि भाच्याला तोंड उघडायची सोय नाही. त्यांना भडभडून आलं.

दुपारी प्रश्नोत्तरं सुरू झाली. विरोधी बाकावरून कुणीतरी सवयीनं विचारलं, उत्तरेतल्या गावांना स्वच्छ पाणी कधी मिळणार? विचारून तो खाली बसला, फोन बघायला लागला.

हॉलब्रूक उठले. उत्तराआधी एक घोट घ्यायची त्यांची जुनी खोड. त्यांनी मेजावरच्या स्टीलच्या जगमधून पेला भरला, तोंडाला लावला आणि तसाच खाली आणला. पेल्यात पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं. सडक्या शेवाळाचा वास बाईंच्या मेजापर्यंत आला.

बाकांवर जगची झाकणं उघडू लागली. एकेक करत सगळी. वरच्या सज्जात डेलिमा मावशी हाताची घडी घालून बसली होती.

हॉलब्रूक खुर्चीकडे वळले. "अध्यक्ष महाराज, हे काय आहे?"

अँगस वाबूस सावकाश पुढे झुकला.

"सन्माननीय प्रीमियरांच्या खात्यानं तपासलेलं आहे. पेला रिकामा करा, आणि सभागृहाला उत्तर द्या."