भरवशाचं कुत्रं

धाकट्या मुलीचं लग्न झालं त्या साली, म्हणजे चौऱ्याहत्तरात, मारोतरावांनी कारंज्याहून रेडिओ आणला आणि सोयऱ्यांसकट सगळं गाव त्यांना चोर दिसू लागलं. कुलूप तुटतं, राखणदार फितूर होतो, म्हणून त्यांनी तांड्यावर जाऊन कुत्री पारखली. परक्यानं टाकलेली भाकर दोघांनी शेपटी हलवत खाल्ली. तिसऱ्यानं भाकर सोडली आणि ती टाकणाऱ्याचा हात धरला. मारोतरावांनी तेच घरी आणलं.

"अवो, हे मले बी ओसरीवर येऊ देत नाही," त्यांची बायको मनकर्णाबाई करवादली.

"मंग आनलं कायले? ते फक्त माह्यंच ऐकते."

"अन् तुमी नसले त?"

"मी कुठी चाललो?"

पोळ्याच्या दिवशी ओसरीवर एकटेच रेडिओ ऐकत असताना मारोतराव छाती धरून आडवे झाले. मनकर्णाबाईच्या हाकेसरशी डॉक्टर पिशवी घेऊन धावत आले. कुत्र्यानं दगड खाल्ले, काठ्या खाल्ल्या, पण कोणालाही पायरी चढू दिली नाही.



मारोतराव चौऱ्याहत्तरच्या पोळ्याला, भर दुपारी, डॉक्टर अंगणात उभे असताना वारले.