फक्त चार दाढा

दिगंबर नाईकवडे कवळीला वैतागले होते. ताटात सुक्कं मटण असलं तरी ते रस्साभात कालवून गिळायचे. धातूचे दात बसवायचे तर मिरजेतला प्लॉट विकावा लागला असता, आणि प्लॉटवर त्यांचा जीव होता. सख्ख्या नातवंडाचे अंकुर मात्र जवळजवळ फुकट बसवून मिळत. दुधाच्या दातांखाली दडलेले पक्क्या दातांचे अंकुर काढून आजोबांच्या हिरडीत लावले, की वर्षभरात तिथे खरे दात उगवत. मुलाला त्या जागी पुन्हा दात येत नसत.

सून रेवती आठवडाभर नाहीच म्हणत होती. शेवटी नवऱ्याने गळ घातली.

"चारच, आबा," ती म्हणाली. "फक्त खालच्या दाढा."

"चारच गं. मी काय राक्षस आहे?"

सहा वर्षांच्या नातीला, मिहिकाला, भूल दिल्यावर रेवती बाहेर थांबली. थोड्या वेळाने डॉक्टरांनी आबांना आत बोलावलं. चारही अंकुर ताटलीत होते.

"छान रुजतील," डॉक्टर म्हणाले. "पण चावायला वरच्याही दाढा लागतात, आणि तुम्हाला वर एकही नाही. सूनबाईंना विचारून या."

आबांनी दाराच्या काचेतून पाहिलं. रेवती पोरीच्या चपला मांडीवर घेऊन बसली होती. ती नाही म्हणणार, हे त्यांना ठाऊक होतं. पोर मोठी होईपर्यंत तिच्या दातांसाठी काहीतरी स्वस्त निघेलच, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

"तिला कशाला विचारायचं? घरात मोठा मी आहे," ते म्हणाले. "पोर झोपलीच आहे, तर वरचे काढा. आणि पुढचेही."