निर्दोषरावांचा अर्ज

“शिक्षेत सूट मिळाली तर वर्षं कमी होतील, डाग तसाच राहील. शिक्षा सौम्य झाली तर तिचा प्रकार बदलेल, तुरुंग काही लगेच सुटणार नाही. माफी मिळाली तर मात्र सगळंच पुसलं जाईल, गुन्हासुद्धा,” वकीलबाई म्हणाल्या. “पण अर्जात लिहावं लागेल, खून माझ्या हातून झाला आणि मला त्याचा पश्चात्ताप होतो. त्याशिवाय माफीचे अर्ज तपासणारी समिती अर्जाकडे ढुंकूनही बघत नाही.”

समोर बसलेल्या सुताराने पेन खाली ठेवलं. छापखान्याच्या मालकाचा खून त्याने केला नव्हता. तो तिथे गेला होता दाराची बिजागरी बसवायला. हे त्याने पोलिसांना सांगितलं, न्यायाधीशांना सांगितलं, मग कोठडीत भेटेल त्याला सांगितलं. कैद्यांनी त्याचं नावच ‘निर्दोषराव’ पाडलं. “निर्दोषराव, जरा करवत द्या इकडे!” आधी तो चवताळायचा. मग हसण्यावारी न्यायला लागला. शेवटी त्याने बोलणंच सोडलं. तुरुंगाच्या सुतारखान्यात एवढा गलका असायचा, पण तो आपला खाली मान घालून एकटाच रंधा मारत राहायचा.

बायकोने दुसरा संसार थाटला होता. भावाने नाव टाकलं होतं. उरली होती आई. दर महिन्याला दोन बस बदलून, दुखरे गुडघे ओढत ती यायची आणि काचेपलीकडे बसायची. जेवलास का, झोप लागते का, एवढंच विचारायची. खटल्याचा विषय तिने कधी काढला नाही. जिचा विश्वास आहे तिने कशाला विचारावं, असं त्याला वाटायचं. जगात एक तरी माणूस आपल्याला खरं मानतं, या एका आधारावर त्याने आजवर तग धरला होता.

आता सही केली, तर तो आधार आपल्याच हाताने तोडायचा. नाही केली, तर थकलेल्या आईला घोटभर पाणी द्यायलाही घरात कोणी नव्हतं. त्याला अन्न गोड लागेना.

पुढच्या भेटीला आई आली. त्याने मन घट्ट करून फोन उचलला.

“आई, मला सोडतील. पण त्यासाठी खून मीच केला, असं लिहून द्यावं लागेल.”

“मग दे की लिहून.”

“अगं, लोकांचं सोड. तुला काय वाटेल?”

आईने काचेवर तळवा टेकवला आणि ती मायेने हसली.

“मला काय वाटायचंय, बाळा? मी तर तुला पहिल्याच दिवशी माफ करून टाकलं होतं.”