एमाचे मेल

कॉम्प्युटर सारखा अडकायला लागला म्हणून इनासने चरईतल्या धनेशकडून त्यावर नवीन विंडोज टाकून घेतलं, आणि त्यात त्याच्या बायकोचे, एमाचे सगळे ईमेल उडाले. दर रविवारी मिसा आटोपून आली की चर्चचे कपडेही न बदलता ती नताशाला लिहायला बसायची. बापाशी भांडून मेलबर्नला निघून गेलेल्या पोरीने चार वर्षांत आईला एका ओळीचं उत्तर पाठवलं नाही. त्याच रागात इनासने एमा गेल्याचंही तिला कळवलं नव्हतं.

आता एवढ्या घरात तो एकटाच. एमाच्या हातचं तेवढंच लिहिलेलं उरलं होतं, म्हणून तो धनेशच्या मागे लागला, "जुन्या डिस्कवर काय सापडतं का बघ ना रे बाबा." धनेशने दोन दिवस खपून सगळं परत आणलं.

"अंकल, दोनशे चार मेल. सगळेच्या सगळे मिळाले," तो म्हणाला आणि मग जरा घुटमळला. "पण हे आउटबॉक्समध्येच पडून आहेत. प्रोग्राम ऑफलाइनवर राहिलेला. आंटींनी पाठवायचं बटण दाबलं, पण त्यातला एकही नताशाला पोचलेला नाय. थांबा, चालू करतो."

इनास खुर्चीचा हात धरून बघत राहिला. मेल एकामागून एक निघाले. सगळ्यात शेवटी एमाच्या शेवटच्या रविवारचा गेला.

"तुझे डॅडी तोंडाने कबूल करणार नाहीत, पण बेल वाजली की आधी तेच उठतात. ये गं."